फळा निवडण्याचा अधिकार

(छत्रपती संभाजीनगर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या प्रश्नाचा विचार करताना समाजवादी कार्यकर्ता सामान्यतः अनुदान, शिक्षकभरती, शुल्कवाढ आणि शाळाबंदी या चार विषयांपाशी थांबतो. वर्गाच्या भिंतीवर कोणते साधन लावले जाते हा विषय त्याला तांत्रिक व म्हणून किरकोळ वाटतो. तो त्याने अधिकारी, अभियंते आणि पुरवठादार यांच्यावर सोपवून दिला आहे. परंतु ज्या निधीतून हे साधन विकत घेतले जाते तो निधी जनतेचा असतो, ज्या वर्गात ते लागते त्या वर्गात कष्टकऱ्यांची मुले बसतात, आणि ज्या शिक्षकाने ते वापरावयाचे त्याला खरेदीपूर्वी कोणी काही विचारलेले नसते. एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे प्रश्न तांत्रिक राहत नाही, तो राजकीय होतो. आजच्या भाषणाचा विषय म्हणूनच परस्परसंवादी फळा हा आहे. शाळांच्या बोलीत त्याला ‘डिजिटल बोर्ड’ म्हणतात, बाजारात ‘इंटरॅक्टिव्ह पॅनेल’.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. यंत्र आले की समाजवाद्यांनी नाक मुरडावयाचे, ही भूमिका येथे मांडावयाची नाही. सिडकोतील खाजगी इंग्रजी शाळेच्या वर्गात झळाळता पडदा असावा आणि मिसारवाडी, नारेगाव किंवा मुकुंदवाडी येथील कामगारांच्या मुलांनी फुटक्या फळ्यावर समाधान मानावे, असे म्हणणारा मनुष्य साधेपणाच्या नावाखाली विषमतेचेच समर्थन करीत असतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात मुख्य तक्रार हीच होती की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्याच निवेदनात होती. तेव्हा उत्तम साधने गरिबांच्या शाळेत आलीच पाहिजेत. मात्र ती येताना कोणाच्या निर्णयाने येतात, कोणत्या अटींवर येतात आणि चौथ्या वर्षी त्यांचे काय होते, हे विचारण्याचा अधिकारही त्याच गरिबांना आहे.

साधन काय आहे?

कार्यकर्त्याला साधनाची ओळख नसेल तर तो पुरवठादाराच्या माहितीपत्रकापुढे मुका होतो. म्हणून थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे.

कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये असा पहिला फळा बाजारात आणला. त्या पिढीतील फळा म्हणजे एक स्पर्शसंवेदी पांढरा पृष्ठभाग, त्यावर चित्र टाकणारा प्रोजेक्टर आणि या दोहोंना जोडणारा संगणक. बोटाने वा खास लेखणीने केलेली खूण संगणकाला कळते, आणि अक्षर, आकृती किंवा नकाशा हवा तसा हलविता येतो. या रचनेत तीन वस्तू असल्यामुळे बिघाडाच्या जागाही तीन. प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो, आणि मराठवाड्यातील धुळीत त्याची गाळणी वारंवार साफ न केल्यास तो तापून त्याआधीच निकामी होतो. उन्हाळ्यात खिडक्या बंद केल्याशिवाय चित्र दिसत नाही, आणि बंद केल्या तर वर्गात बसवत नाही.

दुसऱ्या पिढीतील फळा हा दूरचित्रवाणी संचासारखा, पण साधारण ६५ ते ८६ इंचांचा स्पर्शपडदा असतो. त्याच्या आतच छोटा संगणक असतो. तो उजेडातही स्पष्ट दिसतो व दिवा बदलण्याची कटकट त्यात नाही. परंतु त्याचा पडदा फुटला किंवा आतील मुख्य भाग जळाला की दुरुस्ती गावातील कारागिराच्या हातात राहत नाही; आणि कंपनीने त्यातील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे थांबविले की चांगला चालणारा फळा हळूहळू केवळ चित्रे दाखविण्यापुरता उरतो.

या दोहोंच्या खाली एक तिसरा पर्याय आहे, आणि त्याचे नाव पुरवठादार सहसा घेत नाही. साधा प्रोजेक्टर किंवा मोठा दूरचित्रवाणी संच, एक संगणक, आणि शेजारी चांगल्या प्रतीचा साधा फळा. २००७ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉनी ली या संशोधकाने खेळण्यातील दूरनियंत्रक आणि अवरक्त किरणांची लेखणी एवढ्या सामग्रीवर साध्या भिंतीचा परस्परसंवादी फळा करून दाखविला आणि त्याची कृती जगाला विनामूल्य दिली. फळ्यावर धडे रचण्यासाठी ‘ओपनबोर्ड’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा उगम स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात झाला. म्हणजे साधन घेण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. निविदेत मात्र एकच मार्ग लिहिलेला असतो, आणि तो कोणी लिहिला हे पालकाला कधी कळत नाही.

खडू-फळ्यापासून स्मार्ट सिटीपर्यंत

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून १९८७ मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली. तिची प्रतिज्ञा साधी होती: प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक, आणि फळ्यासह आवश्यक शैक्षणिक साहित्य. लक्षात घ्या, फळा हा त्या यादीत शेवटी होता; आधी खोली आणि शिक्षक होते. २०१८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात फळ्याकडून डिजिटल फळ्याकडे जाण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर झाले. या दोन मोहिमांच्या मध्ये तीस वर्षे गेली. साधन बदलले, परंतु यादीतील पहिल्या दोन गोष्टी मागे पडल्या. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला होता. एका हाताने शाळा मिटवावयाची आणि दुसऱ्या हाताने शाळा ‘डिजिटल’ करावयाची, असा हा काळ आहे.

तरीही महाराष्ट्रातील डिजिटल शाळांचा आरंभ कोणत्याही कंत्राटदाराने केलेला नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने स्वतःच्या कल्पकतेने आणि गावाच्या सहभागाने डिजिटल वर्ग उभा केला. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, आणि अशा प्रयत्नांचे लोण लोकवर्गणीतून गावोगाव पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर सांकेतिक चौकोन छापून तंत्रज्ञान थेट मुलाच्या हातातील पुस्तकात आणले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. या दोन्ही ठिकाणी क्रम एकच होता. आधी शिक्षकाला अध्यापनातील अडचण दिसली, मग त्याने साधन शोधले.

आपल्याच जिल्ह्यातील गाडिवाट या गावाचे उदाहरण याच जातीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना परदेशी भाषा निवडावयास सांगितले, आणि यंत्रमानवाच्या कुतूहलापोटी मुलांनी जपानी निवडली. शाळेने महाजालावरील साहित्य वापरले, पुढे शहरातील एक जाणकार विनामूल्य शिकवावयास पुढे आले. साधन तेथेही होते, परंतु ते मुलांच्या इच्छेमागून आणि शिकविणाऱ्या माणसासोबत आले.

शहरातील क्रम नेमका याच्या उलट झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये औरंगाबाद शहराची निवड स्मार्ट सिटी मोहिमेत झाली. मोहिमेच्या नियमानुसार केंद्राने प्रत्येक शहराला पाच वर्षांत ५०० कोटी रुपयांपर्यंत द्यावयाचे आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेने उचलावयाचा. हा पैसा मात्र महानगरपालिकेच्या सभागृहामार्फत खर्च व्हावयाचा नव्हता. त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन करण्याची अट होती. त्यातच एप्रिल २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. याच काळात महानगरपालिकेच्या शाळा ‘स्मार्ट’ करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शाळांवर खर्च झाला ही गोष्ट चांगलीच आहे, आणि अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. जेथे नगरसेवक नव्हता तेथे प्रभागातील आईने प्रश्न कोणाला विचारावयाचा होता? आणि ३१ मार्च २०२५ रोजी स्मार्ट सिटी मोहिमेची मुदत संपली. वस्तू भिंतीवर राहिल्या, त्या आणणारी मोहीम निघून गेली. दुरुस्तीचे बिल आता कोणाच्या दारी जाणार, हा येथील शाळांपुढचा आजचा प्रश्न आहे.

चौथ्या वर्षाचा हिशेब

खरेदीचे अर्थशास्त्र फार अवघड नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळेस दोन स्मार्ट वर्गखोल्यांसाठी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकवेळचे अनुदान आणि वर्षाला ३८ हजार रुपयांपर्यंत आवर्ती अनुदान धरलेले आहे. आता हा आवर्ती आकडा पाच वर्षांनी गुणा. १ लाख ९० हजार होतात. म्हणजे शासनाच्या स्वतःच्याच हिशेबाने पाच वर्षांचा सांभाळ मूळ खरेदीच्या जवळजवळ चार-पंचमांश आहे. जो फळा उद्घाटनाच्या दिवशी फुकट मिळाल्यासारखा वाटतो तो वस्तुतः अर्धाच मिळालेला असतो. उरलेला अर्धा पुढील पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने येणे असतो. तो आला नाही तर पहिला अर्धाही वाया जातो.

पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा या निकषाच्या बाहेर राहते. तिला फळा मिळतो तो लोकवर्गणीतून, आमदार निधीतून किंवा एखाद्या कारखान्याच्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून. दाते फळ्यावर नाव घालतात. वीजबिलावर नाव घालावयास कोणी पुढे येत नाही. सुमारे ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५ हजार रुपये. त्यातच खडू, झाडू, स्वच्छतागृह, किरकोळ डागडुजी आणि वीज. ३०० वॅटचा फळा दिवसाला चार तास आणि वर्षाला २२० दिवस चालला तर २६४ युनिट वीज लागते. हा आकडा मोठा नाही. परंतु थकबाकीमुळे शाळेची जोडणी तोडली गेल्याच्या घटना महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडल्या आहेत, आणि जोडणीच नसेल तर लाखाचा फळा आणि काळी भिंत यांत अंतर राहत नाही. सोयगाव किंवा कन्नडच्या वस्तीवर विजेचा दाब वरखाली होतो तेथे दाबनियंत्रक नसलेला फळा पहिल्याच पावसाळ्यात धोक्यात येतो. रात्री शाळेला पहारेकरी नाही, म्हणून फळ्याच्या खोलीला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकाकडे, आणि मुख्याध्यापक बैठकीला. असे कुलूपबंद वर्ग किती आहेत, याची पाहणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनीच करावयाची आहे.

कंपनी बुडते, वर्ग उरतो

खाजगी पुरवठादारावर विसंबून राहण्याचे परिणाम शोधण्यासाठी दूर जावयास नको. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘स्मार्टक्लास’ या नावाने देशभरच्या खाजगी शाळांत पोहोचलेली एज्युकॉम्प ही कंपनी आठवा. शाळेने यंत्रसामग्री एकदम विकत घ्यावयाची नाही, दर विद्यार्थ्यामागे ठराविक रक्कम काही वर्षे भरत राहावयाची, अशी तिची रीत होती. शुल्कातून ती रक्कम शेवटी पालकच भरीत. कंपनी कर्जात रुतली आणि मे २०१७ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांनी संगणक आणि प्रोजेक्टर एकाच पेटीत बसविणारे ‘के-यान’ हे खरोखरच भारतीय परिस्थितीला साजेसे यंत्र घडविले. ते शाळांपर्यंत नेण्याचे काम आयएल अँड एफएस या समूहाकडे होते, आणि २०१८ मध्ये तो समूहच देणी थकवून कोसळला. यंत्र चांगले असणे पुरेसे नाही. त्याच्या मागे उभी असलेली संस्था टिकाऊ आहे की नाही हेही पाहावे लागते.

या शहराला तर याचा अनुभव घरचाच आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनच्या कारखान्यात दूरचित्रवाणी संच तयार होत, आणि मराठवाड्यातील अनेक घरांत पहिला पडदा येथूनच गेला. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. कामगारांच्या हातचे काम गेले, देण्यांसाठी त्यांना झगडावे लागले. पडदे बनविणारी माणसे ज्या शहरात बेकार झाली त्याच शहरातील शाळांना आता बाहेरचे पडदे आणि बाहेरचे तंत्रज्ञ लागतात. शासकीय तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था गावात असताना शाळेतील फळा दुरुस्त करणारी स्थानिक मुले तयार करावीत, ही कल्पना कोणत्याही निविदेत दिसत नाही.

मनुष्यबळाचेही असेच झाले. माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्याची केंद्र-राज्य योजना महाराष्ट्रात कंत्राटी पद्धतीने राबविली गेली. कंत्राटदाराने यंत्रे बसवावयाची, पाच वर्षे चालवावयाची आणि मग शाळेच्या हवाली करावयाची. संगणक शिकविणारे निदेशकही कंत्राटाचाच भाग. मुदत संपली तेव्हा यंत्रे जुनी झालेली होती आणि निदेशक रस्त्यावर आले होते. सेवेत घ्या म्हणून त्यांनी आंदोलने केली. यंत्राबरोबर माणूसही भाड्याने आणावयाचा आणि मुदतीनंतर दोघांनाही टाकून द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

फळ्यावर काय दिसणार?

फळा हा रिकामा पडदा आहे. त्यावर काय दिसणार, कोणत्या भाषेत दिसणार आणि ते कोणी रचले, हा निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. महाराष्ट्राने या बाबतीत केलेली चूक मोठी आहे. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही शासकीय संस्था स्थापन झाली. मराठीतून मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती निर्माण करणे हे तिचे काम. पिढ्यांनी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले. पुढे केंद्राचा निधी आटला, राज्याने हात आखडला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये संस्था बंद करण्यात आली. गावोगाव डिजिटल शाळांचे फलक लागत होते त्याच सुमारास, त्या पडद्यांवर दाखविण्यासाठी मराठी साहित्य निर्माण करणारे सार्वजनिक केंद्र मिटविले गेले. विहिरीवर नवा पंप बसवावा आणि विहीर बुजवावी, तसे हे झाले.

रिकामी जागा बाजार भरून काढतो. पेटीबरोबर तयार धडे येतात. ते अनेकदा दुसऱ्या मंडळाच्या अभ्यासक्रमाचे असतात, भाषा इंग्रजी किंवा भाषांतरित, उदाहरणे महानगरी. या शहरात मराठीइतक्याच गांभीर्याने उर्दू माध्यमाच्या शाळांचा विचार करावा लागतो. निजामी राजवटीत उर्दू ही सत्तेची भाषा होती आणि मराठी मुलांची शाळा उपेक्षित राहिली; आज उर्दू माध्यमातील मूल गरीब वस्तीतील आहे आणि उपेक्षेची पाळी त्याची आहे. उजवीकडून डावीकडे जाणारी नस्तालिक लिपी फळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उमटते का, एवढी साधी तपासणीही खरेदीपूर्वी व्हावयास पाहिजे.

जगाचा अनुभव

जगाने या प्रयोगाची किंमत आधीच मोजलेली आहे, तिचा लाभ घेतला पाहिजे. लंडनमधील माध्यमिक शाळांत २००३-०४ मध्ये शासकीय निधीतून असे फळे बसविण्यात आले. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने केलेला त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फळा आल्याच्या पहिल्या वर्षात मुलांच्या संपादणुकीत त्यामुळे फरक पडल्याचे आढळले नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गात तर एकेकाने उठून फळ्याशी जाण्यामुळे सर्वांचा वेग मंदावू शकतो, असेही दिसले. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष विसेंते फॉक्स यांच्या काळात ‘एन्सिक्लोमेडिया’ ही प्रचंड योजना आली. पाचवी-सहावीची पाठ्यपुस्तके संगणकावर चढवून फळ्यांवर दाखविण्यात आली. पुढील शासनांच्या काळात ती गुंडाळली गेली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातील तंत्रज्ञान हा होता, आणि हे साधन कोणाच्या अटींवर वापरावयाचे, असा प्रश्न त्याने शीर्षकातच विचारला. अशा साधनांच्या परिणामाविषयी निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे, हे त्या अहवालाने सांगितले.

याच्या उलट केरळकडे पाहावे. तेथे शासनाचा स्वतःचा ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प २००१ पासून चालू होता. विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरला अभ्यासक्रम बांधून देण्यास तेथील शिक्षक संघटनेनेच विरोध केला, आणि शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. त्याच प्रकल्पाची २०१७ मध्ये ‘काइट’ ही सार्वजनिक कंपनी झाली. २०१८ पासून आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गखोल्या साधनसज्ज करण्याचे काम तिने केले. तिने काय निवडले? महागडे स्पर्शफळे निवडले नाहीत. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि पडदा ही साधी जोडणी घेतली, पाच वर्षांची हमी घेतली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि विद्यार्थ्यांचीच मंडळे उभारून यंत्रांच्या देखभालीत त्यांना सामील केले. साधन साधे आणि व्यवस्था भक्कम, असा हा मार्ग आहे. महाराष्ट्रात बहुतेक वेळा साधन भक्कम आणि व्यवस्था तकलादू असते.

कोणता फळा घ्यावा?

कार्यकर्ता शाळेत गेला की मुख्याध्यापक सरळ विचारतील, मग घ्यावे तरी काय? त्याला उत्तर देता आले पाहिजे.

पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाच्या हाताला अक्षर वळावयाचे असते. तेथे आधी मुलांच्या उंचीवर, भिंतभर साधे फळे हवेत, प्रत्येक मुलाला लिहावयास जागा मिळेल असे. तिसरी ते पाचवीपर्यंत, विशेषतः एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो तेथे, साधा प्रोजेक्टर किंवा मोठा संच उपयोगी पडतो. एका गटाला चित्रफीत दाखवून शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळू शकतो. सहावीपासून पुढे भूमिती, नकाशे, शरीररचना, प्रकाशाचे अपवर्तन अशा विषयांत स्पर्शफळ्याचे खरे सामर्थ्य आहे. वैजापूरच्या ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याला भरती-ओहोटी हलत्या आकृतीतून समजते. तेथे तो जरूर घ्यावा, परंतु सहा कसोट्यांवर पारखून.

पहिली कसोटी पाठाची. शाळेच्या शिक्षकांनी प्रत्येक विषयातील असे दहा पाठ लिहून द्यावेत की जे साध्या फळ्यावर नीट शिकविता येत नाहीत. यादी होत नसेल तर खरेदीची घाई करू नये. दुसरी कसोटी डोळ्यांची व हाताची. शेवटच्या रांगेतील मुलाला भर दुपारी अक्षर दिसते का, आणि सर्वांत बुटक्या मुलीचा हात फळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचतो का, हे प्रत्यक्ष वर्गात पाहावे. प्रदर्शनाच्या दालनात नव्हे. तिसरी कसोटी विजेची. दाबनियंत्रक आणि पर्यायी वीज यांचा खर्च किमतीत धरलेला असावा, आणि महाजाल नसतानाही फळ्याचे सर्व मुख्य काम चालले पाहिजे. चौथी कसोटी दुरुस्तीची. किमान पाच वर्षांची हमी, तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती याची मुदत, ती चुकल्यास दंड, आणि सुटे भाग या शहरात उपलब्ध असण्याची अट करारात लिहिलेली असावी. पाचवी कसोटी मालकीची. शिक्षकाने रचलेला धडा दुसऱ्या कंपनीच्या फळ्यावर उघडला पाहिजे. तो उघडत नसेल तर शाळेने फळा घेतलेला नसून कंपनीने शाळा घेतलेली आहे. सहावी कसोटी भाषेची: राज्याचा अभ्यासक्रम, मराठी आणि उर्दू.

आणि या सहांच्या आधी शिक्षक. ज्या शाळेत मंजूर पदे रिक्त आहेत, किंवा शिक्षक मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे यांत गुंतलेला आहे, तेथे फळा शोभेचा राहणार. एका दिवसाचे प्रशिक्षण आणि सह्यांचा कागद यातून कोणी शिकत नाही. पाष्टेपाड्याचे उदाहरण सांगते की शिक्षक शिक्षकाकडून शिकतो. ज्याने वर्गात हे केले आहे अशा शिक्षकाला दुसऱ्या शाळेत जाऊन शिकविण्यासाठी मोकळा वेळ मिळाला पाहिजे.

काम काय करावयाचे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळा विकास आराखडा तयार करणे हे शासकीय शाळेतील समितीचे कायदेशीर काम आहे. अनेक शाळांत ही समिती ठरावावर सही करण्यापुरती उरली आहे. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा बाप आणि धुणीभांडी करणारी आई या समितीत नावापुरती असतात, कारण बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत होते आणि कागद त्यांना समजत नाहीत. पक्षकार्यकर्त्याची जागा येथे आहे. बैठक संध्याकाळी घ्यावयास लावणे, निविदेची व कराराची प्रत माहिती अधिकारात मिळवून ती सोप्या भाषेत समजावून देणे, आणि सहा कसोट्यांचा ठराव विकास आराखड्यात घालावयास लावणे, हे काम मोर्च्याइतके गाजणारे नाही. परंतु ते झाल्याशिवाय मोर्च्यात मागण्यासारखे काही नेमके हातात येत नाही.

त्यासाठी प्रत्येक तालुका शाखेने आधी दहा शाळांची पाहणी करावी. फळा आहे का, कोणत्या वर्षी आला, कोणी दिला, आज चालतो का, आठवड्यात किती तास वापरला जातो, बिघडल्यास शेवटची तक्रार केव्हा केली, वीजबिल कोण भरतो, आणि शिक्षकाची पदे किती रिक्त आहेत, एवढे आठ प्रश्न पुरेत. ही माहिती महानगरपालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी हाती आली पाहिजे, म्हणजे ‘शाळांतील साधनांची देखभाल’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष त्यात मागता येईल. राज्य पातळीवर दोन मागण्या त्याला जोडून घ्याव्यात. पहिली, बालचित्रवाणीच्या धर्तीवर मराठी व उर्दूतील शैक्षणिक साहित्य निर्माण करणारी सार्वजनिक संस्था पुन्हा उभी करावी. दुसरी, शाळांतील साधनांची देखभाल करणारे कर्मचारी कायम सेवेत असावेत आणि स्थानिक प्रशिक्षण संस्थांतून घेतलेले असावेत.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे आणि समान शाळेचे ध्येय देशापुढे ठेवले. समान शाळा म्हणजे सर्व भिंतींवर एकाच कंपनीचा फळा, असा त्याचा अर्थ नाही. कामगाराच्या मुलाच्या वर्गात चालू स्थितीतील साधन, ते वापरणारा कायम शिक्षक आणि त्याविषयी प्रश्न विचारणारा पालक, या तिन्ही गोष्टी असणे हा तो अर्थ आहे. दहा शाळांची पाहणी येत्या महिन्यात सुरू व्हावी.